कारखान्यातलं पर्यावरण प्रशिक्षण : तीन सवयी, नव्वद दिवस, आणि तेही मशीनपाशी

दरवर्षी ५ जून, म्हणजे जागतिक पर्यावरण दिन, जवळ आला की कारखान्यांत लगबग सुरू होते. गेटजवळ रोपं लावतात, फोटो काढतात, ट्रेनिंग हॉलमध्ये तासभर पडद्यावर वितळणारं बर्फ आणि ध्रुवीय अस्वल दाखवतात. शेवटी सगळे उभे राहून शपथ घेतात. दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टला तेलाने चिंब झालेलं कॉटन वेस्ट (मशीन पुसायच्या चिंध्या) पुन्हा पुठ्ठ्याच्या डब्यात पडलेलं असतं आणि मशीनना दाबाखालची हवा नेणाऱ्या पाइपांच्या लायनी पुन्हा रात्रभर गळत असतात. बरीच वर्षं मीही असेच तास घेतले. त्यातून काय साधलं ते मोजायला बसलो तेव्हा फारसं काही हाती लागलं नाही, म्हणून पद्धत बदलली. ती इथे सविस्तर मांडतो आहे.

कामगाराला पर्यावरणाची काळजी नसते, असं मला कधीच दिसलं नाही. भोसरी-चाकण पट्ट्यातली कितीतरी माणसं आळंदीला जातात. इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस त्यांनी घाटावर उभं राहून पाहिलेला असतो आणि त्याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं. पण हातातली खराब कूलंटची (धातू कापताना मशीनवर सोडायच्या थंडाव्याच्या द्रवाची) बादली नेमकी कुठे रिकामी करायची, हे त्यांना कोणी मशीनपाशी येऊन सांगितलेलं नसतं. सांगितलं असलं, तर तशी जागा करून दिलेली नसते. प्रशिक्षणाचं खरं काम इथेच आहे.

पुढचं सगळं शंभर-दीडशे माणसांचा मशीन शॉप डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. ऑफिसचा विषय शेवटाकडे थोडक्यात घेतला आहे.

पहिलं पाऊल : आठवडाभर फक्त बघा

वही घेऊन तिन्ही शिफ्टमध्ये फिरा. नाइट शिफ्ट टाळू नका, कारण रात्री देखरेख कमी असते आणि खऱ्या सवयी तेव्हाच दिसतात. काही विचारायचं नाही, कोणाला टोकायचं नाही. जेवणाच्या सुट्टीत कोणती मशीनं चालू राहतात, फरशी धुतलेलं पाणी कोणत्या जाळीत जातं, कूलंट बदलल्यावर जुनं कुठे नेतात, घरी जाण्याआधी कपड्यांवर हवा कोण मारतो, हे टिपत राहा.

आठवड्याअखेर यादीत वीस-पंचवीस गोष्टी जमतील. त्यातल्या तीनच निवडा. निवडताना बघायचं ते एवढंच : ती गोष्ट कामगाराच्या हातात आहे का, रोज घडते का, आणि मोजता येते का. ‘पर्यावरणाबद्दल जागरूक राहा’ हे मोजता येत नाही. ‘जेवणाची बेल झाली की मशीनच्या हवेचा व्हॉल्व्ह बंद करायचा’ हे कोणीही लांबून बघून मोजू शकतो. मशीन शॉपमध्ये मी बहुतेक वेळा हवेचा व्हॉल्व्ह, तेलकट कॉटन वेस्ट आणि खराब कूलंट या तिघांपासून सुरुवात करतो.

दुसरं पाऊल : आजची स्थिती आकड्यात पकडा

ही पायरी बहुतेकजण गाळतात. मग तीन महिन्यांनी ‘फरक पडला’ असं म्हणायला आधार राहत नाही.

हवेचं गणित सगळ्यात सोपं आणि सगळ्यात बोलकं आहे, म्हणून ते नीट सांगतो. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी (पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात बहुतेकांची ती गुरुवारी असते) मेंटेनन्सच्या माणसाला सोबत घ्या. हवा वापरणारी सगळी मशीनं बंद, पण लायनींचे व्हॉल्व्ह उघडे, आणि फक्त लायनीत हवा दाबून भरणारा कॉम्प्रेसर चालू. लायन भरली की कॉम्प्रेसर अनलोड होईल, म्हणजे हवा भरणं थांबवेल. गळतीमुळे दाब उतरला की पुन्हा लोड होईल. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर लोडचा आणि अनलोडचा वेळ लिहीत जा, आठ-दहा फेऱ्या घ्या आणि सरासरी काढा. लोडच्या वेळेला दोन्ही वेळांच्या बेरजेने भागून शंभरने गुणलं की गळतीची टक्केवारी येते. समजा लोड २ मिनिटं आणि अनलोड ६ मिनिटं, तर गळती २५ टक्के. म्हणजे कॉम्प्रेसरची पाव क्षमता कोणतंही काम न करता हवेत चालली आहे. देखभाल ढिली असलेल्या शॉपमध्ये २० ते ३० टक्के गळती सर्रास सापडते. नीट सांभाळलेल्या ठिकाणी ती १० टक्क्यांच्या आत ठेवता येते. व्हीएफडी (मोटरचा वेग गरजेप्रमाणे बदलणारं उपकरण) असलेल्या कॉम्प्रेसरला हे गणित लागू पडत नाही. तिथे सगळं बंद असताना तासाभरात कॉम्प्रेसरचा मीटर किती युनिट पुढे गेला ते लिहून घ्या.

आता पैशांत मांडा. ७ बार दाबाला ३ मिलिमीटरच्या एका भोकातून जी हवा जाते, ती तयार करायला साधारण ३ ते ४ किलोवॅट वीज लागते. ३ धरू. चोवीस तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर २१,६०० युनिट होतात. युनिटला ९ रुपये धरले तर १,९४,४०० रुपये. तुमच्या बिलातला खरा दर घालून हा हिशेब पुन्हा करा. ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे त्या एका भोकापोटी वर्षाला सुमारे १५ टन. ध्रुवीय अस्वलाच्या चित्रापेक्षा हे भोक कामगाराला कितीतरी जवळचं वाटतं, कारण ते त्याच्याच मशीनमागच्या पाइपला असतं.

कॉटन वेस्टसाठी आठवडाभर रोज एका शिफ्टच्या शेवटी हातमोजे घालून डबे उपसा. चुकीच्या डब्यात पडलेलं तेलकट कापड वेगळं काढा आणि वजन करा. काम किळसवाणं आहे, तरी प्रशिक्षण देणाऱ्याने ते स्वतः करावं. तुम्ही डबा उपसताना चार माणसं बघतात आणि तुमच्या शब्दाला तिथूनच वजन यायला लागतं.

तिसरं पाऊल : शिकवण्याआधी वाटेतले अडथळे काढा

माझ्या मते अर्धं यश इथेच असतं, म्हणून इथे घाई करू नका.

एका कारखान्यात तेलकट कॉटन वेस्टसाठी वेगळा डबा होता, त्यावर पाटी होती, प्रशिक्षणही झालेलं होतं. तरीही दर दिवशी तेलकट कापड पुठ्ठ्यातच सापडे. मी एका सीएनसी (संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या) मशीनपासून तो डबा पावलांनी मोजला. बेचाळीस पावलं जायची, बेचाळीस यायची. सायकल टाइम, म्हणजे एका जॉबला (मशीनवर घडवायच्या भागाला) लागणारा वेळ, दीड मिनिटाचा. तेवढ्यात ऑपरेटरला जॉब काढायचा, गेजने तपासायचा, नवा लावायचा. तो चालत जाणार कधी? आम्ही झाकणाचे छोटे लोखंडी डबे घेतले आणि चार मशीनांमागे एक असे ठेवले. कोणालाही एक शब्द न सांगता पहिल्याच आठवड्यात पुठ्ठ्यातलं तेलकट कापड निम्म्याच्याही खाली आलं. झाकण मात्र हवंच. तेलकट कापड पेट घेतं, आणि मशीनजवळ ठिणगी उडायला वेळ लागत नाही.

त्याच कारखान्यात आणखी एक गोष्ट दिसली. संध्याकाळी हाउसकीपिंगच्या मावशी ढकलगाडी घेऊन यायच्या आणि दोन्ही डबे एकाच पिशवीत रिकामे करायच्या. त्यांची चूक नव्हती. त्यांच्या ठेकेदाराने गाडीला एकच पिशवी दिली होती आणि प्रशिक्षणाला त्यांना कोणी बोलावलंच नव्हतं. कामगार मात्र हे रोज बघत होते. आपण वेगळं केलेलं डोळ्यांदेखत एकत्र होतंय, हे दिसल्यावर माणूस पुन्हा वेगळं करायच्या भानगडीत कशाला पडेल? म्हणून कचऱ्याच्या मागे मागे डब्यापासून गेटपर्यंत चालत जा. मधे कुठे सगळं एकत्र होतं ते शोधा आणि आधी ते बंद करा.

तेलकट चिंध्या, वापरलेलं तेल, रसायनांचे रिकामे ड्रम हे सगळं २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतं. ते साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त काळ साठवता येत नाही, नोंद ठेवावी लागते, आणि परवानाधारक संस्थेकडेच पाठवावं लागतं. साठवणीची जागा, लेबल, नोंदवही आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात लिहिलेल्या अटी आधी तपासून घ्या. कामगाराला ‘इथे टाक’ सांगायचं आणि पुढे आपणच ते भंगारवाल्याला द्यायचं, असं होता कामा नये.

व्हॉल्व्ह हाताला येतो का, हेही बघा. दहा फुटांवरच्या पाइपला असलेला व्हॉल्व्ह रोज कोणी बंद करणार नाही. तो खाली घ्या, हँडल चटकन दिसेल अशा रंगात रंगवा. खराब कूलंटसाठी चाकांची टाकी द्या. ट्रॉली नसली तर बादली सगळ्यात जवळच्या जाळीत रिकामी होणार, आणि ती जाळी पावसाच्या पाण्याच्या गटाराला जोडलेली असली तर ते कूलंट सरळ ओढ्याला आणि तिथून नदीला जाणार.

चौथं पाऊल : आधी सुपरवायझर

ऑपरेटर सुपरवायझरचं तोंड बघून ठरवतो की कोणती गोष्ट खरी महत्त्वाची आहे. सुपरवायझरच्या डोक्यावर टार्गेट असतं. म्हणून त्याला बाजूला घेऊन मोकळेपणाने विचारा : यामुळे तुमचं काम कुठे अडेल? तो सांगेल की व्हॉल्व्ह बंद केला तर सुट्टीनंतर अमुक मशीनला दाब यायला दोन मिनिटं लागतात, किंवा तमुक मशीनचं क्लॅम्पिंग (जॉब पकडून ठेवणं) हवेवर आहे, जॉब लागलेला असताना ते बंद करता येत नाही. ही माहिती सोन्यासारखी आहे. अशी मशीनं यादीतून वगळा आणि त्यांच्यावर वेगळ्या रंगाची पट्टी लावा. ही पायरी न घेता सरसकट ‘सगळं बंद करा’ म्हटलं, तर एक जॉब खराब होईल आणि तुमचा पूर्ण कार्यक्रम त्याच दिवशी संपेल.

प्लांट हेडलाही एक काम द्या. शॉपमध्ये आल्यावर गळतीचा आवाज ऐकू आला की त्या जागी स्वतः टॅग (दुरुस्तीसाठी खुणेची चिठ्ठी) लावायचा. साहेबांच्या भाषणाने जे होत नाही ते यातून होतं.

पाचवं पाऊल : प्रत्यक्ष प्रशिक्षण, चाळीस मिनिटांचं

एका वेळी बारा ते पंधरा माणसं. जागा शॉप फ्लोअरवरच, वेळ शिफ्टमधलाच. ड्यूटी संपल्यावर थांबवून ठेवलं तर माणसाचं लक्ष बसच्या वेळेवर असतं. भाषा त्यांची. मराठवाड्यातली पोरं आणि बिहार-उत्तर प्रदेशातली पोरं एकाच लायनीवर असतील तर मराठी आणि हिंदी दोन्ही बोला. पाटी, लेबल, टॅग यांवर चित्र हवंच. कॉन्ट्रॅक्टचे कामगार, हाउसकीपिंग, कँटीन, कोणालाही वगळू नका.

*पहिली दहा मिनिटं ऐकायची.* सगळी मशीनं बंद करवा आणि सगळ्यांना गप्प उभं करा. एरवी शॉपच्या आवाजात बुडून गेलेला एक बारीक ‘स्सूं’ असा आवाज चारी बाजूंनी ऐकू यायला लागतो. माणसं एकमेकांकडे बघतात. दहा-दहा वर्षं त्याच जागी काम केलेल्यांनीही तो असा वेगळा ऐकलेला नसतो. मग साबणाच्या पाण्याची बाटली आणि ब्रश हातात द्या, आणि दोघादोघांना गळती शोधायला पाठवा. कपलिंगवर, होजच्या तोंडाशी, एफआरएलच्या (हवा गाळून तिचा दाब सांभाळणाऱ्या उपकरणाच्या) वाटीखाली बुडबुडे फुगताना दिसतात. जिथे सापडेल तिथे त्यांनीच टॅग बांधायचा आणि त्यावर तारीख घालायची.

*पुढची दहा मिनिटं हिशेबाची.* फळ्यावर वरचं गणित त्यांच्याकडूनच करून घ्या. कोणीतरी एकाने मोबाइलवर गुणाकार करावा आणि मोठ्याने सांगावा. याच वेळी अंगावर हवा मारण्याचा विषय काढा. तो निव्वळ विजेचा नाही. दाबाखालची हवा कातडीतून आत शिरू शकते, धातूचा कण डोळ्यात जाऊ शकतो, कानाचा पडदा फाटू शकतो. कपडे झटकायला ब्रश द्या. सुरक्षितता आणि पर्यावरण एकाच वाटेने गेले की ऐकणाऱ्याला पटायला वेळ लागत नाही.

*नंतर खरा कचरा.* सकाळीच गोळा केलेला ढीग एका ट्रेमध्ये पसरा : तेलकट चिंधी, कोरडा पुठ्ठा, स्ट्रेच फिल्म, धातूच्या चिप्स, इन्सर्टची (धातू कापणाऱ्या पात्यांची) डबी, वडापावचा कागद, हातमोजा. एकेकाने एक वस्तू उचलून डब्यात टाकायची आणि का ते सांगायचं. हातमोज्यावर हमखास वाद होतो. होऊ द्या. तेल लागलेला मोजा चिंध्यांसोबतच जातो, हे त्या वादातून जसं लक्षात राहतं तसं पाटीवरून राहत नाही.

*शेवटची पाच-सात मिनिटं शब्द द्यायचा.* पण ‘मी पर्यावरणाचं रक्षण करीन’ असा नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी दाखवलेली एक गोष्ट इथे उपयोगी पडते : अमुक घडलं की मी तमुक करीन, असं आधीच ठरवलेलं असलं तर ते हातून होण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून प्रत्येकाने आपल्या शब्दांत म्हणायचं, ‘जेवणाची बेल झाली की हवेची गन अडकवतानाच व्हॉल्व्ह बंद करीन,’ ‘कूलंट बदलायला काढलं की आधी टाकी मशीनपाशी आणीन.’ मोठ्याने, बाकीच्यांसमोर.

मधला उरलेला वेळ प्रश्नांचा. तीन प्रश्न ठरलेले असतात. ‘माझ्या एकट्याने काय होणार?’ यावर भाषण देऊ नका, त्याच्याच मशीनवरची गळती आणि तिचा वर्षाचा आकडा दाखवा. ‘टार्गेट कोण भरणार?’ याचं उत्तर सुपरवायझरने द्यावं, तुम्ही नाही. ‘बिल कंपनीचं वाचतं, आम्हाला काय?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याला बगल देऊ नका. बचतीतला काही भाग कामगार सांगतील त्या गोष्टीवर खर्च करायचा, असं व्यवस्थापनाकडून आधीच लेखी घ्या : कँटीनला पंखे, थंड पाण्याची मशीन, जे ते म्हणतील ते. लेखी मिळालं नसेल तर आश्वासन देऊ नका.

सहावं पाऊल : पुढचे नव्वद दिवस

लावलेला टॅग, गळती दुरुस्त होऊन, सात दिवसांत निघाला पाहिजे. कामगाराने शोधलेली गळती महिनाभर तशीच सूं-सूं करत राहिली तर तो दुसरा टॅग बांधणार नाही, आणि त्याचं बरोबरच असेल. मेंटेनन्सकडे कपलिंग, क्लॅम्प आणि होज आधीच मागवून ठेवा.

शिफ्ट सुरू होताना टूलबॉक्स टॉक (कामाआधीचं छोटं बोलणं) होतोच, त्यातली दोन मिनिटं आठवड्यातून एकदा याला द्या. बोर्डावर तीनच आकडे लिहा : किती व्हॉल्व्ह बंद आढळले, किती टॅग लागले आणि निघाले, चुकीच्या डब्यात किती किलो सापडलं.

बोर्डावरची भाषाही जपा. अमेरिकेत हॉटेलांमधल्या टॉवेलच्या पुनर्वापरावर गोल्डस्टाइन, चाल्डिनी आणि ग्रिस्केव्हिशियस यांनी केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘पर्यावरण वाचवा’ या सूचनेपेक्षा ‘इथे राहणारे बहुतेक लोक टॉवेल पुन्हा वापरतात’ ही सूचना जास्त परिणामकारक ठरली. म्हणून ‘अजूनही निम्मे लोक चुकीच्या डब्यात टाकतात’ असं कधीही लिहू नका. वाचणारा म्हणतो, म्हणजे सगळेच टाकतात. ‘काल ४० पैकी ३१ व्हॉल्व्ह बंद होते’ असं लिहा. उरलेल्या नऊंना आपण मागे पडलो हे आपोआप कळतं.

दंड लावू नका. एका ठिकाणी चुकीच्या डब्यासाठी दंड सुरू केला, तर चिंध्या मशीनच्या बेडमागे लपवलेल्या सापडल्या. तिथे आग लागली असती तर काय झालं असतं, हा विचार अजूनही मनातून जात नाही.

कॉन्ट्रॅक्टची माणसं सतत बदलतात. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी त्याच्या लायनीवरच्या जुन्या ऑपरेटरने पंधरा मिनिटं हे सगळं दाखवावं : व्हॉल्व्ह, डबा, कूलंटची टाकी. एचआरच्या इंडक्शनमध्ये एक स्लाइड वाढवून हे होत नाही.

ऑफिससाठी थोडक्यात

तत्त्व तेच, सवयी वेगळ्या. जानेवारी २०२० पासून आपल्याकडे स्टार लेबलचे नवे रूम एसी सुरू करताना २४ अंशांवरच येतात. तापमान एक अंशाने वाढवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते. पण एसीच्या झोताखाली बसलेला गारठतो आणि खिडकीशी बसलेल्याला घाम फुटतो, तो झगडा प्रशिक्षणाने मिटत नाही. आधी पडदे लावा, झोत वळवा, पंखे द्या. प्रिंटर मुळातच दोन्ही बाजूंनी छापेल असा सेट करा. कँटीनमध्ये उष्टं टाकायच्या डब्याशेजारी वजनकाटा ठेवा आणि कालचा आकडा लिहा. भात वाढणाऱ्याला ‘आधी कमी वाढा, लागला तर पुन्हा घ्या’ एवढंच शिकवा.

सातवं पाऊल : पुन्हा मोजा

डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या : आवडलं का, शिकले का, वागणं बदललं का, आणि त्यातून निष्पन्न काय झालं. आपल्याकडे बहुतेक वेळा पहिल्यावरच थांबतात. फीडबॅक फॉर्मवर ‘उत्तम’ला टिक झाली की फाइल बंद. तुम्ही तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर जा. तिसाव्या दिवशी आधी न सांगता जेवणाच्या सुट्टीत व्हॉल्व्ह मोजा. नव्वदाव्या दिवसाच्या आसपासच्या गुरुवारी तीच लोड-अनलोड चाचणी त्याच पद्धतीने करा. आकडा सुधारला नसेल तर माणसांना पुन्हा हॉलमध्ये बसवू नका. तिसऱ्या पावलाकडे परत जा, बहुधा कुठेतरी डबा हलवलेला असतो किंवा होज मिळालेला नसतो. सुधारला असेल तर आकडा बोर्डावर लावा, ठरलेली रक्कम ठरलेल्या गोष्टीवर खर्च करा, आणि पहिल्या यादीतल्या पुढच्या तीन सवयी घ्या.

आयएसओ १४००१ हे पर्यावरण व्यवस्थापनाचं मानक असलेल्या कारखान्यात हे सगळं ऑडिटलाही चालतं. त्या मानकात जागरूकतेचं कलम वेगळं आहे, ७.३. चांगला ऑडिटर हजेरीपट पाहून झाला की शॉपमध्ये जातो आणि समोर दिसेल त्या माणसाला विचारतो, ‘जेवायला जाताना तुम्ही इथे काय करता?’ गेल्या वेळी असा प्रश्न आला तेव्हा उत्तर कॉन्ट्रॅक्टवर चार महिन्यांपूर्वी आलेल्या एका मुलाने दिलं. काही न बोलता त्याने व्हॉल्व्ह फिरवला, कान पाइपजवळ नेला, आणि मग ऑडिटरलाही ऐकायला बोलावलं.